जीर्णोद्धाराचा प्रामाणिकपणा

मोडलेली वस्तू टाकू नये, दुरुस्त करावी, ही शिकवण आम्हांला कोणत्याही पुस्तकातून मिळाली नाही. गळक्या घागरीला डाख लावणारा, छत्रीची मोडकी काडी बदलून देणारा, तुटलेल्या वहाणेला दोन टाके घालणारा अशी माणसे दारावरून जात, आणि घरातली आई त्यांना हाक मारून ओट्यावर बसवी. त्या काळी दुरुस्ती हा नीतीचा प्रश्न आहे असे कोणी म्हटले असते, तर लोक हसले असते. वस्तू चालू झाली की काम संपले. आम्हीही आयुष्यभर असेच समजत आलो. परंतु गेल्या वर्षी एका जुन्या संगणकाच्या दुरुस्तीत आम्ही हात घातला, आणि यंत्र चालू झाल्यानंतर त्याच्याशेजारी ठेवायचे चार ओळींचे कार्ड लिहिताना आमची लेखणी अडली. ती का अडली, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

हकीकत अशी. एका मिशनरी शाळेच्या महोत्सवी वर्षाची तयारी चालू होती. अडगळीची खोली साफ करताना मोडक्या बाकांच्या आणि नकाशांच्या गुंडाळ्यांच्या मागे तीन संगणक सापडले. मुख्याध्यापिका सिस्टरांनी आम्हांला निरोप धाडला. आमचे एक स्नेही रेडिओ आणि दूरदर्शन संच दुरुस्त करण्यात हयात घालवलेले. त्यांना सोबत घेऊन आम्ही गेलो. सिस्टर म्हणाल्या, "तिघांपैकी एक तरी चालू करून द्या. काचेच्या कपाटात ठेवायला नको. मुलांना बोटं लावता आली पाहिजेत." शेजारीच निमंत्रणपत्रिकेचा मसुदा पडला होता. त्यात प्रदर्शनाच्या रकान्यात ओळ होती: 'शाळेचा पहिला संगणक, आजही चालू स्थितीत.' त्या ओळीकडे आम्ही तेव्हा फारसे लक्ष दिले नाही.

हे यंत्र कोणते, ते येथे सांगितले पाहिजे. त्याचे नाव बीबीसी मायक्रो. सामान्य माणसाला संगणकाची ओळख व्हावी या हेतूने ब्रिटनच्या बीबीसीने १९८०च्या सुमारास संगणक-साक्षरतेचा एक प्रकल्प हाती घेतला. दूरदर्शनवरचा कार्यक्रम पाहताना लोकांना घरी, शाळेत हाताळता येईल असे एखादे यंत्र त्यांना हवे होते. ते केंब्रिजच्या एकॉर्न या छोट्या कंपनीने बनवले. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर हे त्यामागचे प्रमुख अभियंते. डिसेंबर १९८१मध्ये ते बाजारात आले. त्याच्या 'मॉडेल बी' या प्रकाराची स्मृती ३२ किलोबाइट होती. आज मोबाइलवर काढलेले एक साधे छायाचित्रही त्याच्या शंभरपट जागा सहज घेते. तरीही त्या ३२ किलोबाइटांच्या बळावर ब्रिटनमधील एका पिढीने गणित, संगीत आणि चित्र या तिन्हींना आज्ञावलीत बसवण्याची कला आत्मसात केली.

आपल्या देशाशीही या यंत्राचे नाते आहे. १९८४-८५ साली भारत सरकारने 'क्लास' या नावाने शालेय संगणक-साक्षरतेचा प्रायोगिक उपक्रम सुरू केला. देशभरातील सुमारे अडीचशे माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळा त्यासाठी निवडल्या गेल्या आणि त्यांना जे यंत्र देण्यात आले, ते हेच. त्या वेळच्या विद्यार्थ्यांना संगणकाची खोली आठवत असेल: दाराबाहेर काढून ठेवलेल्या चपला, धूळ येऊ नये म्हणून ओढलेले पडदे, यंत्रावर शिवून घातलेले कापडी आच्छादन, आणि एका यंत्राभोवती उभी असलेली आठ-दहा मुले. एकाने कळ दाबायची, बाकीच्यांनी पाहायचे. देवघरात जावे तसे मुलांनी त्या खोलीत जावे, अशी शिक्षकांची अपेक्षा असे.

चाळीस वर्षांनंतर त्या देवघराची अवस्था आम्ही पाहत होतो. शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरात तिन्ही यंत्रांची नोंद होती: क्रमांक एक, दोन, तीन. क्रमांक एक हे खरोखरचे पहिले; पण ते कार्यालयात आच्छादनाखाली ठेवलेले असे आणि पाहुणे आले की दाखवले जाई. मुलांच्या हाती होते दोन आणि तीन. पुढे नवी यंत्रे आली, ही तिन्ही एकावर एक रचली गेली, छपराच्या गळतीने सर्वांत वरचे भिजले. ते नेमके क्रमांक एक होते. त्याचा मुख्य बोर्ड हिरवा पडला होता आणि तांब्याच्या बारीक रेषा जागोजागी खाल्ल्या गेल्या होत्या.

आमच्या स्नेह्यांनी पहिला नियम घालून दिला: कोणत्याही यंत्राला आधी वीज द्यायची नाही. या यंत्राच्या पॉवर सप्लायमध्ये विजेचा गोंगाट गाळण्यासाठी कागदी थरांचे कपॅसिटर बसवलेले असतात. त्यांच्या पारदर्शक कवचाला कालांतराने तडे जातात, त्या तड्यांतून हवेतली ओल आत शिरते, आणि अनेक वर्षांनी अचानक वीज मिळाली की ते फुटून खोली धुराने भरते. समुद्रकाठच्या दमट हवेत तर याला विलंब लागत नाही. तिन्ही यंत्रांतले हे कपॅसिटर तडकलेले निघाले. बाजारातून नवे आणून बसवले. मग सॉकेटांतून चिपा उपसून त्यांचे काळे पडलेले पाय घासून पुन्हा बसवले. क्रमांक दोनच्या बोर्डाला वीज दिली, तर एक सलग, न थांबणारा आवाज आला. यंत्र जागे होऊ पाहत होते, पण उठू शकत नव्हते. स्मृतीच्या सोळा चिपांपैकी एक निकामी झाली होती. ती क्रमांक तीनमधून काढून लावली. कळफलक क्रमांक एकचा घेतला, कारण तो सर्वांत कमी झिजला होता. तरी त्याच्या नऊ कळा गंजाने धरल्या होत्या, त्या तीनमधून आणल्या. पॉवर सप्लायची पेटीही एकचीच.

तिसऱ्या आठवड्यातल्या एका संध्याकाळी तो आवाज मध्येच तुटला, त्याच्या पाठोपाठ एक उंच, छोटा स्वर आला, आणि जुन्या दूरदर्शन संचाच्या काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे उमटली. दोन सुरांचा तो आवाज ज्याने बालपणी ऐकला, तो विसरत नाही असे म्हणतात. आमचे स्नेही काही बोलले नाहीत. त्यांनी डाख देण्याची सळई स्टँडवर ठेवली, चष्मा काढून पुसला आणि चहा मागवला.

येथपर्यंत सर्व ठीक होते. पुढे आमच्यापुढे तीन निर्णय आले आणि प्रत्येकात एक लहानसा मोह दडलेला होता.

पहिला निर्णय वरच्या झाकणाचा. क्रमांक एकचे झाकण जवळजवळ नव्यासारखे, साईच्या रंगाचे. क्रमांक तीनचे पिवळे पडलेले, आणि त्याच्या उजव्या कडेला कर्कटकाच्या टोकाने कोरलेली मुलांची आद्याक्षरे. असे पिवळे झाकण हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवले की पुष्कळसे उजळते. जुन्या संगणकांच्या शौकिनांत ही युक्ती चांगली रुळली आहे. कोरलेल्या रेषा बारीक पॉलिश कागदाने घासूनही टाकता येतात. आमच्यासमोर तीन वाटा होत्या: स्वच्छ झाकण लावावे, पिवळे उजळून लावावे, की आहे तसे लावावे? प्रदर्शनात शोभेल ते पहिले. आमचा हात आपोआप त्याकडे गेला, हे आम्ही कबूल करतो.

तो हात थांबवला एका आठवणीने. संत योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थित प्रभू बंद दारांतून शिष्यांमध्ये येतो. मरणावर विजय मिळवलेले ते शरीर. त्याला बंद दार अडवू शकत नाही. मग हातांतल्या खिळ्यांच्या खुणा आणि कुशीतली जखम तेवढी भरून काढणे काय कठीण होते? परंतु त्या तशाच राहिल्या, आणि थोमाला ओळख पटली ती त्या खुणांवरूनच. आम्ही ख्रिस्ती माणसे दर रविवारी शरीराच्या पुनरुत्थानावरचा विश्वास उच्चारतो. पण मनात जे चित्र रंगवतो ते बहुधा एका कोऱ्या, डागरहित शरीराचे असते. शुभवर्तमान ते चित्र मान्य करीत नाही. जे सोसले, ते गौरवाच्या देहातही ओळखीची खूण होऊन राहते. यंत्राला आत्मा नाही आणि आम्ही त्याला संतपदही देत नाही. तरी कोणत्याही जीर्णोद्धाराला लागू पडणारा एक धडा त्यात आहे: झीज आणि जखम यांत भेद केला पाहिजे, आणि ज्या खुणेत माणसाचा हात आहे ती पुसण्यापूर्वी दहा वेळा विचार केला पाहिजे. पाहुण्यांना दाखवलेल्या यंत्राचे झाकण स्वच्छ राहिले होते, ते वापरलेच गेले नाही म्हणून. आम्ही पिवळे झाकण साबणाच्या पाण्याने धुतले आणि तेच लावले.

दुसरा निर्णय वाढीव शक्तीचा. जुन्या यंत्रांना नवी साधने जोडण्याची आज मोठी सोय झाली आहे. या संगणकाच्या सव्वापाच इंची चकत्या बुरशीने खाल्लेल्या. त्यांच्या जागी एक एसडी कार्ड लावले की शेकडो चकत्यांचा मजकूर एका नखाएवढ्या तुकड्यात मावतो. त्यापुढेही जाता येते. काही हौशी मंडळी अशा जुन्या यंत्राच्या पेटीतून सर्व काही काढून टाकतात, आत रास्पबेरी पाय नावाचा तळहातापेक्षाही लहान आधुनिक संगणक बसवतात आणि फक्त जुना कळफलक त्याला जोडतात. बाहेरून पाहणाऱ्यास जुने यंत्र दिसते. आत त्याचा एक अवयवही नसतो. प्रभूने शास्त्री-परुश्यांना चुना फासलेल्या कबरींची उपमा दिली होती. ती येथे लावणे कदाचित कठोर होईल, कारण जो स्वतःच्या घरी, स्वतःच्या आनंदासाठी हे करतो तो कोणाला फसवीत नाही. पण शाळेच्या प्रदर्शनात तसे यंत्र मांडून 'आजही चालू' म्हणणे ही फसवणूकच झाली असती.

तेव्हा वाढीव साधन अजिबात लावूच नये का? असाही एक कर्मठ पंथ आहे: जसे १९८५ साली होते तसेच, एकही स्क्रू इकडचा तिकडे नाही. आम्हांला तेही पटले नाही, आणि याचे कारण खुद्द या यंत्राच्या घडणीत आहे. त्याच्या निर्मात्यांनी त्याच्या तळाशी एक जोडणी मुद्दाम ठेवली होती. तिला ते 'ट्यूब' म्हणत. उद्या अधिक शक्तिमान प्रोसेसर निघेल, तो या जोडणीतून मूळ यंत्राला लावता यावा. नव्याने गणित करावे, जुन्याने कळफलक, पडदा आणि चकती सांभाळावी, अशी ती योजना. पुढे जे घडले ते नवल वाटावे असे आहे. एकॉर्नने स्वतःचा नवा प्रोसेसर रचायला घेतला, तेव्हा त्याचे आराखडे याच बीबीसी मायक्रोवर, त्याच्याच बेसिक भाषेत तपासले गेले. २६ एप्रिल १९८५ रोजी तो प्रोसेसर पहिल्यांदा चालला, तोही याच ट्यूब जोडणीवर. त्याचे नाव एआरएम. आज जगातील जवळजवळ प्रत्येक मोबाइल फोनमध्ये त्याच कुळातला प्रोसेसर असतो, आणि २०१२ साली आलेल्या रास्पबेरी पायमध्येही तोच. काही कल्पक लोकांनी या रास्पबेरी पायला ट्यूब जोडणीतून पुन्हा बीबीसी मायक्रोला जोडण्याची व्यवस्था तयार केली आहे. शक्तीने कितीतरी पट मोठे झालेले लेकरू वृद्ध आईच्या पायाशी बसून तिचे हिशेब करून देते. हुकूम मात्र तिचाच.

पेटी रिकामी करून आत नवा संगणक घालणे आणि तळाच्या जोडणीतून तो शेजारी बसवणे, या दोहोंत भाग तेच वापरले जातात. पण एकात जुन्याचे सोंग घेतले जाते, दुसऱ्यात जुन्याची सोबत केली जाते. आम्हांला येथे द्वितीय व्हॅटिकन परिषदेची आठवण झाली. धर्मसंघांच्या नूतनीकरणासंबंधी परिषदेने १९६५ साली जो आदेश काढला, त्यात दोन गोष्टी एकाच दमात सांगितल्या आहेत: आपल्या उगमाकडे आणि संस्थापकांच्या मूळ प्रेरणेकडे सतत परत जा, आणि बदललेल्या काळाशी जुळवून घ्या. या दोन आज्ञा परस्परविरोधी आहेत असे मानून आपल्या धर्मग्रामांत कितीतरी वाद झाले: जुनी वेदी ठेवावी की नवी बांधावी, जुनी गाणी म्हणावीत की नवी. परंतु ज्याला मूळ प्रेरणा उमगली, त्याला नव्यासाठी दार कुठे आहे तेही सापडते. बहुधा संस्थापकांनीच ते ठेवलेले असते. ज्याला ती उमगली नाही, त्याच्यापुढे दोनच मार्ग उरतात: मोडतोड किंवा ममी.

म्हणून आम्ही एसडी कार्ड लावले आणि ट्यूबवर रास्पबेरी पायही जोडला. पण दोन अटी पाळून. मूळ बोर्डाला एकही भोक पाडायचे नाही, कोणताही मूळ भाग कापायचा नाही. उद्या कोणाला नकोसे वाटले तर दोन जोडण्या ओढून काढल्या की यंत्र पूर्ववत झाले पाहिजे. आणि दुसरी अट, जे जोडले ते दिसले पाहिजे. वास्तूंच्या जतनासंबंधी १९६४ साली व्हेनिस येथे जी सनद संमत झाली, तिनेही असेच बजावले आहे: जिथे तर्क सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबवा, आणि नव्याने घातलेला भाग जुन्याशी सुसंगत असला तरी वेगळा ओळखू येऊ द्या, म्हणजे इतिहास खोटा ठरणार नाही. चर्चच्या भिंतीस लागू असलेला हा नियम प्लास्टिकच्या पेटीलाही लागू करण्यात आम्हांला काही अतिरेक वाटला नाही.

येथे एक आक्षेप येणे स्वाभाविक आहे. आमच्या भाच्याने तो घेतलाच. तो म्हणाला, "मामा, हे यंत्र माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर जसंच्या तसं चालतं. तोच आवाज, तीच अक्षरं. एवढा खटाटोप कशाला?" त्याचे म्हणणे खरे आहे. जुन्या यंत्राचे हुबेहूब अनुकरण करणाऱ्या आज्ञावल्या आहेत आणि त्यांचे मोल मोठे आहे. इंग्लंडच्या इतिहासात एक मार्मिक उदाहरण आहे. १०८६ साली राजा विल्यमने देशाची पाहणी करून जी नोंदवही लिहवली, ती 'डूम्सडे बुक' आजही वाचता येते. तिच्या नऊशेव्या वर्षी, १९८६ मध्ये, बीबीसीने देशाची नवी पाहणी केली. शाळकरी मुलांसह असंख्य लोकांनी आपल्या गावाची वर्णने आणि छायाचित्रे पाठवली. ती लेझर चकत्यांवर साठवली गेली आणि वाचण्याचे यंत्र होते याच कुटुंबातले, बीबीसी मास्टर. सोळा वर्षांत ती चालवणारी यंत्रे इतकी दुर्मीळ झाली की सगळा ठेवा हातचा जाण्याची वेळ आली. २००२ साली संशोधकांनी अनुकरणाच्या मार्गानेच तो पुन्हा वाचून दाखवला. चर्मपत्र नऊशे वर्षे टिकले, चकती सोळा वर्षांत मुकी झाली, आणि तिला वाचा दिली ती देहावाचून चालणाऱ्या यंत्राने. भाच्याच्या बाजूने याहून बळकट पुरावा नाही.

तरीही आम्ही भाच्याला म्हटले, "मजकूर वाचवायचा असेल तर तुझा मार्गच योग्य. पण आम्हांला मुलांना दाखवायचंय ते मजकुराहून वेगळं आहे." कळ दाबताना लागणारा जोर, पेटीचे वजन, तापलेल्या धुळीचा वास, आठ मुलांनी वाट पाहावी इतकी एका गोष्टीची दुर्मिळता, या गोष्टी देहाच्या आहेत. ख्रिस्ती श्रद्धेने फार पूर्वी, पहिल्या काही शतकांतच, देह म्हणजे आत्म्याचे टाकाऊ कवच असे मानणाऱ्या मतांना नकार दिला. शब्द देह झाला, असे आपण मानतो. तेव्हा देहाची पर्वा नाही असे म्हणण्याची मुभा आपल्याला राहत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. जगात विजेच्या वस्तूंचा कचरा डोंगराएवढा साचतो आहे. गरिबांच्या वस्तीत मुले तारा जाळून तांबे काढतात. तेव्हा एका संग्राह्य यंत्रासाठी तीन आठवडे खर्च करणे ही चैन नव्हे काय? पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात फेकून देण्याच्या संस्कृतीवर कठोर टीका केली, ती आम्हांला ठाऊक आहे. पण आमच्या या उद्योगाने तो कचरा चिमूटभरही कमी झाला नाही, हे कबूल केले पाहिजे. जुन्या वस्तूंचे प्रेमही एक प्रकारचा लोभ होऊ शकतो. आमच्याकडे याचे पूर्ण उत्तर नाही. एवढेच सांगता येईल की त्या तीन आठवड्यांत शाळेतली चार मुले रोज संध्याकाळी येऊन बसत आणि अखेरीस त्यांतली एक मुलगी स्वतः डाख देऊ लागली. नंतर तिने घरचा बंद पडलेला मिक्सर उघडला. जीर्णोद्धाराचे समर्थन करायचे असेल, तर ते त्या मिक्सरपासून करावे लागेल.

आता तिसरा निर्णय, ज्यापाशी आमची लेखणी अडली. उद्घाटनाच्या दोन दिवस आधी सिस्टर म्हणाल्या, "एक छोटं कार्ड लिहून द्या." निमंत्रणपत्रिका तोवर छापून वाटल्या गेल्या होत्या: 'शाळेचा पहिला संगणक, आजही चालू स्थितीत.' आम्ही कार्ड पुढे ओढले आणि थांबलो. हा शाळेचा पहिला संगणक होता काय? पॉवर सप्लाय आणि कळफलक पहिल्याचा, बोर्ड दुसऱ्याचा, झाकण, नऊ कळा आणि स्मृतीची एक चिप तिसऱ्याची, कपॅसिटर गेल्या महिन्यातले. ग्रीक लोकांनी थिसियसच्या नौकेविषयी विचारलेला जुना प्रश्न सर्वांना ठाऊक आहे: एकेक फळी बदलत गेली, तर नौका तीच का? आमची अडचण त्याहून अवघड होती. कारण आमच्या फळ्या दोन दुसऱ्या नौका मोडून आल्या होत्या.

संत ऑगस्टीन यांनी 'ईश्वराचे नगर' या ग्रंथाच्या बाविसाव्या भागात असाच एक विलक्षण प्रश्न हाताळला आहे. त्यांना विरोधक विचारीत: दुष्काळात एका माणसाचे मांस दुसऱ्याने खाल्ले, तर पुनरुत्थानाच्या दिवशी ते मांस कोणाचे? ऑगस्टीन हसून प्रश्न टाळत नाहीत. त्यांचे उत्तर असे की ज्याच्या ठायी ते प्रथम मानवी मांस झाले, त्याचे ते. दुसऱ्याकडे ते उसने होते आणि उसने परत करायचे असते. आज त्या प्रश्नाचे आपल्याला हसू येईल. पण 'उसने' हा शब्द वाचला आणि आमच्या अडचणीचा गुंता सुटला. दुरुस्त झालेली वस्तू उसन्यावर जगते. त्यात लाज नाही. लाज आहे ती उसने घेतलेले आपलेच म्हणून मिरवण्यात. 'हे यंत्र मूळ आहे की नाही?' या प्रश्नाचा निकाल तत्त्वज्ञ हजारो वर्षे लावू शकले नाहीत. पण 'याने कोणाकडून काय घेतले?' या प्रश्नाचे उत्तर आम्हांला भागाभागानिशी ठाऊक होते. जे ठाऊक आहे ते लिहिणे एवढेच आमचे कर्तव्य होते.

आणि हे केवळ यंत्रापुरते आहे काय? आम्ही ज्याला 'मी' म्हणतो, त्यात आजीचा शब्द आहे, शाळेतल्या फादरांची शिस्त आहे, कोणाची तरी किडनी नाही तरी कोणाचे तरी रक्त आहे, आणि मोडून पडलो त्या दिवसांत दुसऱ्याने स्वतःची झीज करून दिलेला वेळ आहे. प्रायश्चित्त-संस्कारात आम्ही जातो तेव्हा पहिल्यासारखे कोरे होऊन येतो असे आम्ही लहानपणी समजत होतो. आता वाटते की क्षमा मिळालेला माणूस कोरा नसतो. तो ऋणी असतो.

आम्ही सिस्टरांना सर्व सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पत्रिकेतली ओळ खोटी ठरेल. पालक विचारतील." आम्ही म्हटले, "विचारू द्यावं." त्यांनी खिडकीतून मैदानाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "लिहा तर मग. पण पाचवीतल्या मुलाला समजेल असं लिहा."

कार्डावर शेवटी असे लिहिले गेले: 'बीबीसी मायक्रो. शाळेत असे तीन संगणक होते. तिन्ही बंद पडले होते. हा त्या तिघांतून मिळून झालेला एक आहे. झाकणावरची अक्षरे तुमच्याआधी शिकून गेलेल्या मुलांनी कोरली आहेत. तळाशी जोडलेला छोटा संगणक आणि एसडी कार्ड आजच्या काळातले आहेत.' त्याखालीच दोन रिकाम्या पेट्या मांडल्या: क्रमांक एक आणि क्रमांक तीन, झाकणे काढलेल्या, आतल्या रिकाम्या जागा दिसतील अशा. ती कल्पना आमच्या स्नेह्यांची. क्रमांक दोनची पेटी अर्थात चालू यंत्राच्या अंगावर होती.

प्रदर्शनाच्या दिवशी एक मध्यमवयीन गृहस्थ त्या झाकणापाशी बराच वेळ उभे होते. त्यांनी एका आद्याक्षरावर बोट ठेवले, कार्ड वाचले, खालच्या रिकाम्या पेट्यांकडे पाहिले आणि आम्हांला विचारले, "तीन नंबरचा बाकीचा भाग कुठाय?" आम्ही यादी दाखवली. कोणता भाग कोठून आला, कोणत्या दिवशी लावला, याची ती यादी आमच्या स्नेह्यांनी टंकलिखित करून झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवली आहे, पुढे कधी तरी हे यंत्र पुन्हा उघडणाऱ्यासाठी. गृहस्थांनी ती वाचली आणि आपल्या मुलीला पुढे बोलावले. मुलगी खुर्चीवर बसली. तिने एक कळ दाबली. ती क्रमांक तीनची होती.